कोयंड्याचे चार स्क्रू
फिनेलचा वास आला की तेर गावाजवळचं ते कुलूपबंद आरोग्य उपकेंद्र आठवतं. ते बंद ठेवल्याच्या निषेधाची पत्रकं वाटायला मी गेलो, तर पायरीवरच एक बाई कळा सोसत होती. "जनतेच्या दवाखान्याचं दार जनतेलाच बंद!" मी सुरू झालो, तशी तिची सासू कडाडली, "भाषण मागनं कर लेकरा, आधी दार उघड." फलक बांधण्यासाठी खिशात पक्कड, चाकू, पेचकस एकत्र असलेलं छोटं हत्यार असायचं. कोयंड्याचे चारही स्क्रू काढले, तसा आतून फिनेलचा वास आला आणि सोबत आलेल्या आशा सेविकेनं तिला आत नेलं. मी बाहेर पत्रकं चुरगाळत बसलो. बाळ रडलं तेव्हा सासू डोळे पुसत म्हणाली, "आता कोयंडा बसीव बाबा, सरकारी हाय." मी तीनच स्क्रू बसवले, पुढच्या वेळी एक तरी कमी काढावा लागावा म्हणून. चौथा अजून माझ्या खिशात असतो.