चावडीच्या भिंतीवरचा पाचवा

शिलाईचं मशीन डोक्यावर घेऊन मी घाट उतरलो, तेव्हा वाटेत वाघ आडवा आला आणि माझं ओझं बघून त्यालाच रडू फुटलं. कोकणातल्या कशेळ्यात ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की वाघ म्हातारा झाला. पण अकरा वर्षं गावाचे सदरे शिवूनही मी राहिलो 'घाटी'च.

फाळणीनंतर सिंधमधला एक चितारी फिरत फिरत आमच्याकडे आला. गावाने त्याला राहायला चावडीची ओसरी दिली. त्याची उतराई म्हणून त्याने गेरू, चुना न् काजळी कालवून चावडीच्या भिंतीवर गावची माणसं रांगेत काढली. पहिला पाटील, मग वाणी, सुतार, पुजारी, आणि पाचवा मी, गळ्यात टेप घातलेला. शेवटी कोपऱ्यात, बोचकं घेतलेला तो स्वतः. गावात धरलं म्हणून माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची तीन बटणं तुटली.

दुसऱ्या दिवशी पाटलाला थंडी वाजून ताप भरला. तिसऱ्या दिवशी वाण्याला.

तेव्हा पाटलाची म्हातारी आई बोलली, "जित्या माणसाची मूर्त कोन करतं रं? देवघरात चांदीच्या पत्र्याचा टाक बसतो तो मेलेल्याचा. यानं तर आख्ख्या गावाचे टाक वळीनं मांडले."

चौथ्या दिवशी सुतार अंथरुणात. मी बोटं मोजली. आता पुजारी, मग मी. दात असे वाजायला लागले की शेजारीण कुडापलीकडून म्हणाली, "भाऊ, मशीन हळू चालवा, पोर निजलंय." मशीन बंद होतं.

पाचव्या दिवशी सकाळी देवळाची घंटा वाजली नाही. मी चावडीकडे धावत सुटलो. म्हातारी चुन्याची बादली न् कुंचा घेऊन एकेकाला पुसत होती. चौघं पांढरे झाले. माझ्यापाशी येऊन तिचा हात थांबला.

"त्याला राहू दे," गर्दीतलं कोणी म्हणालं. "घाटी हाय तो. आमच्या देवाला त्याची वळख नाय. त्याला काय होतंय?"

लोक हसले. सुटलो म्हणावं की हाकललं म्हणावं, कळेना. भीती मात्र जाईना. परका असतो तर कशाला वाटली असती?

"आजी," मी म्हणालो, "मलाही भ्या वाटतंय. पुसा मला."

"अकरा वरसं आमचंच पानी पितोस, भ्या वाटंल नाय तर काय," म्हणत तिने माझ्यावर दोनदा कुंचा फिरवला.

भिंतीवर उरला एकटा चितारी. खरा चितारी खांबाला टेकून उभा होता. आपलं काय चुकलं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"ह्याचं काय, आजी?"

"भ्या वाटतं का, इचार त्याला."

मी मोडक्या हिंदीत विचारलं. तो भिंतीवरच्या स्वतःकडे वळला. मग हळूच म्हणाला, "अकेला रह गया, तो लगता है।"

"काय म्हनतो?"

"वाटतंय म्हणतो."

म्हातारीने कुंचा माझ्या हातात दिला. "मग पूस की त्यालाबी."