११८ नंबरच्या टॉवरची पिन

"मॅडम, पिन मी लावली हाये. माह्या हातानं लावली," नामदेवभाऊ चौथ्यांदा म्हणाले.

माझ्या टेबलावर फोटोचा प्रिंट पडला होता. त्यात पिन नव्हती. आणि तो फोटो मीच काढला होता, हे आधीच सांगून टाकते.

मी इंजिनिअर आहे. मोठ्या टॉवरवरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या लाइन्सची देखभाल करणं हे आमच्या उपविभागाचं काम. ऑफिस वर्ध्यात, घर बोरगाव मेघेला, आणि निम्मी नोकरी कुणाच्या तरी शेतात मान वर करून उभं राहण्यात गेली. नामदेव बावणे आमचे सर्वांत जुने लाइनमन. रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं. एकतीस वर्षांत कागदावर एक शेरा नाही. मी नवीन होते तेव्हा टॉवरचं एकेक हाड त्यांनीच मला ओळखायला शिकवलं.

त्या आठवड्यात आम्हाला नवा कॅमेरा मिळाला होता. छोटासा, एका हातात मावणारा, साठपट झूमचा. त्याला सुपरझूम म्हणतात. ड्रोन नागपूरला असतो आणि त्याचा नंबर लागायला महिना जातो, म्हणून हा. मी हौसेने तो घेऊन समुद्रपूरकडच्या लाइनवर गेले. भर दुपारी, रस्त्यावर गाडी उभी करून, ११८ नंबरच्या टॉवरचा फोटो काढला. स्क्रीनवर बघितलं, पिन दिसेना. मी तो फोटो तिथूनच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वरचा हात, कॉटर पिन मिसिंग.'

दहा मिनिटांत नागपूरहून ढवळे साहेबांचा फोन. ते आमचे कार्यकारी अभियंता.

"मागच्या शटडाउनला तिथे कोण चढलं होतं?"

"बावणे, सर."

"कामाच्या शीटवर ओके आहे?"

"आहे."

"म्हणजे खोटी एंट्री. बुधवारी दुपारपर्यंत रिपोर्ट द्या. चौकशी लावतो."

मी "सर, पण" म्हणेपर्यंत फोन बंद. तो सोमवार होता.

आता ही पिन म्हणजे काय ते सांगते. टॉवरच्या हातांना, म्हणजे आडव्या लोखंडी भुजांना, चिनी मातीच्या तबकड्यांच्या माळा लोंबतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. माळेच्या खालच्या टोकाला तार धरलेली असते. तिथल्या बोल्टला नट असतो, आणि नट फिरून सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकातून एक पिन घालून तिचे दोन पाय फाकवतात. केसांच्या आकड्याएवढीच ती पिन. वाऱ्याने तार अखंड थरथरत असते. पिन नसेल तर नट हळूहळू फिरतो, निघतो, आणि तार खाली येते. खाली कपाशी आणि कपाशीत माणसं.

नट घट्ट असेल तर पिनवाचून काही आठवडे निभावतं, म्हणून साहेबांनी लगेच लाइन बंद केली नाही. गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस, पंपांचा लोड मोठा. शटडाउन, म्हणजे काम करण्यासाठी लाइन बंद ठेवणं, महिनाअखेरीच्या आधी मिळणार नव्हता. चालू लाइनवर त्या टोकापर्यंत आमच्या माणसाला चढवता येत नाही. म्हणजे वर काय आहे ते जमिनीवरूनच सिद्ध करायचं होतं, आणि तेही दोन दिवसांत.

नामदेवभाऊंनी प्रिंट उचलून डोळ्यांजवळ नेला. मग माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, यात नटाचे कोपरे दाखवा मले."

मी बघितलं. नटाला सहा कोपरे असतात. फोटोत नुसता काळा गोळा होता.

"कोपरेबी नाई दिसून राह्यले. मंग नटबी नाई लावला का मी?"

ही गोष्ट ग्रुपवर टाकण्याआधी मी बघायला हवी होती. एकतीस वर्षांच्या माणसाचं नाव मी दहा सेकंदांत पणाला लावलं होतं. मी ठरवलं, बुधवारच्या आत हे मीच निस्तरणार. मी घातलेला घोळ होता तो.

समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ प्रमोद कोल्हेचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो काढतो. त्याच्याकडे फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आहे, हे मला भाचीच्या लग्नामुळे माहीत होतं. मंगळवारी मी आणि नामदेवभाऊ त्याच्या दारात.

"टॉवरचा फोटो?" प्रमोद हसायला लागला. "प्री-वेडिंग हाये का त्याचं?"

नामदेवभाऊ हसले नाहीत. तेव्हा प्रमोदने निमूट बॅग भरली.

टॉवरखाली त्याने आमचा सुपरझूम हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला शिकवायला सुरुवात केली. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी एक चौकोनी पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. आमच्या कॅमेऱ्यातली करंगळीच्या नखाएवढी. त्याच्यातली अर्ध्या काडेपेटीएवढी. जुन्या फिल्मच्या एका चौकटीइतकी, म्हणून फुल-फ्रेम. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत आरसा असायचा, तो यात नाही, म्हणून मिररलेस. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर परातीत जास्त पाणी जमतं, तसंच प्रकाशाचं.

"तुमचा कॅमेरा दूरचं जवळ आणते," तो म्हणाला. "माहा सावलीतलं बाहेर काढते. दोघांचं काम अलग हाये, मॅडम."

त्याने मोठी लेन्स लावून फोटो काढले. मी स्क्रीन बघितली आणि माझं तोंड उतरलं. आमच्या कॅमेऱ्यात तो एक बोल्ट स्क्रीनभर यायचा. याच्या फोटोत अख्खा टॉवर, आणि बोल्ट म्हणजे टिंब.

"यात काय दिसणार?"

"थांबा न बाप्पा. आत्ता त काढला."

स्टुडिओत परत येऊन त्याने लॅपटॉप उघडला. त्याचा कॅमेरा रॉ फाइल ठेवतो, म्हणजे काही न गाळता, न सजवता साठवलेला कच्चा फोटो. आमचा छोटा कॅमेरा दाणेदारपणा लपवायला फोटो आपणच गुळगुळीत करून देतो, आणि त्या गुळगुळीतपणात बारीक वस्तू पुसल्या जातात. शिवाय दुपारी मागे पांढरं आभाळ, समोर सावलीतलं लोखंड. नखाएवढ्या सेन्सरने आभाळ सांभाळलं आणि लोखंड काळं केलं. प्रमोदने ते टिंब मोठं केलं आणि सावलीचा भाग हळूहळू उजळत नेला. आधी नटाचे कोपरे आले. मग त्यांच्या खाली दोन बारीक करड्या रेघा, एकमेकींपासून फाकलेल्या.

"पाय," नामदेवभाऊ म्हणाले. एवढंच. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला. मला इतका आनंद झाला की मी प्रमोदच्या टेबलावर हात आपटला आणि त्याचा चहा सांडला.

फोटो साहेबांना पाठवला. फोन आला.

"वैरागडे मॅडम, हा एडिट केलेला आहे."

"सर, उजेड वाढवलाय फक्त."

"तुमचा पहिला फोटो मोठा आणि स्पष्ट आहे. हा धूसर आहे, लग्नाच्या फोटोग्राफरने लॅपटॉपवर बनवलाय. उद्या चौकशीत कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. ज्याला फोटोतलं कळत नाही, त्याला मोठा फोटोच खरा वाटतो. कालपर्यंत मलाही वाटत होता.

"उद्या दुपारपर्यंत वेळ आहे ना, सर?"

"आहे."

"मग देते."

बुधवारी सकाळी सूर्य उगवताना आम्ही तिघं टॉवरच्या पूर्वेला उभे होतो. नामदेवभाऊंचीच ही युक्ती. सूर्य पाठीशी घेतला तर कोवळं ऊन आडवं येऊन लोखंडाच्या पोटाखाली शिरतं, आणि जमीन तापलेली नसते म्हणून हवाही लवलवत नाही. साठपट झूममध्ये दुपारच्या झळा पाण्यासारख्या हलतात, तेही परवा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सुपरझूम तिपाईवर चढवला. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावला.

स्क्रीनवर पिन उमटली. दोन्ही पाय, फाकलेले, उन्हात चमकणारे. लॅपटॉप नाही, एडिट नाही.

"दिसली?" नामदेवभाऊंनी विचारलं. ते स्वतः बघायला पुढे आले नाहीत.

"दिसली, भाऊ."

एव्हाना कपाशी वेचायला बाया शेतात येत होत्या. त्यांतली एक कंबरेला ओटी बांधत थांबली. "काय पाहून राह्यल्या जी वरते? तार पडन का?"

"नाही पडत," मी म्हणाले. मोठ्या रुबाबात म्हणाले.

मी आवराआवर करणार तेवढ्यात प्रमोद म्हणाला, "मॅडम, त्या बाजूचाबी काढून घ्या न. लाइट भारी हाये."

११८ नंबरला तीन हात आहेत. दोन गावाकडे एकावर एक, आणि एक नाल्याकडे. गावाकडचे दोन्ही नामदेवभाऊंनी केले होते. नाल्याकडच्या हातावर शटडाउनच्या दिवशी एजन्सीचा, म्हणजे ठेकेदाराचा, माणूस चढला होता आणि खाली लक्ष ठेवायला मी होते. मी सुपरझूम तिकडे फिरवला.

बोल्टच्या भोकातून आभाळ दिसत होतं.

पिन नव्हती. नट त्या भोकाच्याही खाली सरकून बोल्टच्या अगदी टोकाला आला होता. प्रमोदने न सांगता आपल्या कॅमेऱ्यानेही तोच फोटो काढला, मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. दोन्ही कॅमेऱ्यांचं एकमत होतं.

तो दिवस लख्ख आठवला. कंट्रोल रूमचे फोनवर फोन येत होते, लाइन चार्ज करायची आहे, म्हणजे वीज सोडायची आहे, तुमचं झालं का? एजन्सीचा माणूस वरून ओरडला, "हो गया मॅडम!" दुर्बीण माझ्या गळ्यात होती. मी ती डोळ्यांना लावली नाही. मान खाली घालून शीटवर टिक केली, सही केली आणि फोनवर सांगितलं, "झालं."

मी आधी बायांकडे धावले. "ताई, सगळ्या बांधाच्या पलीकडे व्हा. आत्ताच्या आत्ता."

"आत्ताच त म्हनल्या, नाई पडत!"

"चुकलं माझं. चला."

मग साहेबांना फोन केला. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. या वेळी ते एडिटबद्दल काही बोलले नाहीत. "इमर्जन्सी घ्या," म्हणाले. लाइन बंद होऊन तारांना अर्थिंग, म्हणजे उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, लागेपर्यंत तासभर गेला. त्या तासात मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून रिपोर्ट लिहायला बसले. नामदेवभाऊ कंबरेला सेफ्टी बेल्ट बांधत शेजारी आले.

"लिवा, पिन गळून पडली. गळते कधीकधी."

मी पेनचं टोपण काढलं.

"फोटोत काई नाव नाई दिसत, मॅडम. काऊन ओढून घेता अंगावर?"

खोटं कशाला सांगू, एक क्षण मोह झाला. तीन शब्दांचं काम होतं, आणि विचारणारं कोणी नव्हतं. पण परवा याच माणसाच्या बाबतीत मी 'गळून पडली असेल' असं लिहिलं नव्हतं. 'मिसिंग' लिहिलं होतं.

"पाय फाकवलेली पिन गळत नाही, भाऊ. तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि ते टॉवरकडे चालू लागले. मी लिहिलं: नाल्याकडील हात, पिन बसवलीच गेली नाही, खातरजमा न करता ओके केलं, सही माझी.

वर पोचल्यावर त्यांनी नटाला हात लावला आणि खाली ओरडून सांगितलं, "मॅडम, दोन पेचावर व्हता!" म्हणजे नट निघायला दोन फेऱ्या उरल्या होत्या. मी दुर्बीण लावून शेवटपर्यंत बघितलं. नट आवळला, पिन घातली, एक पाय फाकवला, दुसरा फाकवला. मान दुखून आली तरी दुर्बीण खाली घेतली नाही.

दुपारी बारापर्यंत रिपोर्ट नागपूरला पोचला. नामदेवभाऊंची चौकशी लागलीच नाही. मी त्यांची माफी ग्रुपवरच मागितली, कारण फोटोही तिथेच टाकला होता. एजन्सीला नोटीस गेली. माझ्या सर्व्हिस बुकात ठपका आला, लाल शाईत. तो वाचताना वाईट वाटलं, पण एक शब्दही जास्तीचा वाटला नाही.

नंतर साहेबांचं पत्र आलं, उपविभागासाठी कोणता कॅमेरा योग्य, अभिप्राय कळवा. मी कळवलं: रोजच्या फेरीला सुपरझूम पुरे, सकाळी आणि तिपाईवर. शंका आली तर फुल-फ्रेम, रॉ फाइलसह. दुपारी रस्त्यावरून काढलेल्या फोटोवर कोणालाही मेमो देऊ नये. फुल-फ्रेम अजून मंजूर झालेला नाही. गरज पडली की प्रमोदला बोलावतो. येताना तो हमखास विचारतो, नवरी कोणत्या नंबरची?

नामदेवभाऊ आता फारसे चढत नाहीत. शटडाउनच्या दिवशी ते खाली सुपरझूम घेऊन उभे असतात आणि तिन्ही हातांचे फोटो झाल्याशिवाय मी शीट उघडत नाही. कंट्रोल रूमचा फोन वाजायला लागला की मी तो त्यांच्याच हातात देते. पलीकडून विचारतात, झालं का? नामदेवभाऊ कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता सांगतात, "पाहून राह्यलो. थांबा."