चांदणीची सोळाशे

चांदणी पाटील गाडी चालवायला शिकली ती मिठागरात. भाईंदर पूर्वेला, नवघर गावाच्या मागे तिच्या वडिलांची, बाळा पाटलांची, मिठाची आगरं होती. धंदा केव्हाच बसला होता. उन्हाळ्यात तिथे नुसती पांढुरकी, भेगाळलेली टणक जमीन उरायची, आणि गोणी वाहणारी एक जुनी जीप. चांदणीच्या दोन्ही भावांना त्या खटाऱ्याची लाज वाटायची. ती मात्र शाळेतून आली की चावी मागायची.

घरातल्या बायका कुरकुरल्या, पण बाळा पाटलांनी ते कानावरच घेतलं नाही. ते शेजारी बसायचे, बिडी पेटवायचे आणि एवढंच म्हणायचे, "गारीशी भांडू नको गो. ती काय बोलते तं आयक." मागचं चाक घसरायच्या आधी पोटात कसं हलतं, तेव्हा स्टिअरिंग किती सैल सोडायचं, हे तिचं तिलाच उमगत गेलं.

ती कॉलेजातून बाहेर पडली त्या सुमारास, नवीन शतक लागता लागता, कोर्वेल कंपनीची 'सोळाशे' बाजारात आली. दिसायला साधी चार दारांची गाडी, पण इंजिन सोळाशे सीसीचं; ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की अशी झेपावायची की माणूस सीटला चिकटायचा. त्याच वर्षी बाळा पाटलांनी भातशेतीचा एक तुकडा बिल्डरला दिला. मुलांनी फ्लॅट मागितले. "आन् तुला काय पायजे?" त्यांनी विचारलं. चांदणीने गाडीचं नाव सांगितलं. लग्नाच्या पोरीला दागिने सोडून गाडी घेतली, हा भावकीत कितीतरी दिवस चघळायचा विषय झाला.

त्या काळी कोर्वेलचं वागणं दुकानदाराचं नव्हतं. त्यांच्या मीरा रोडच्या शोरूमचा मॅनेजर अभिनव कर्णिक हा स्वतः मोटार रॅलीत भाग घेणारा, नखांत कायम ग्रीस असलेला माणूस. त्याला कळलं की एका सोळाशेवालीच्या घरचं पडीक मिठागर आहे. तो स्वतः नवघरला आला, बाळा पाटलांसमोर बसला आणि एका रविवारपुरती जागा मागितली. मग वसईपासून बोरिवलीपर्यंतचे सोळाशेवाले जमले. आगरात लाल शंकू मांडले, वळणावळणाचा मार्ग आखला आणि एकेकाने गाडी पळवली. धुरळा इतका उडाला की गावातली म्हातारी माणसं बांधावर येऊन उभी राहिली.

चांदणी सगळ्यांत वेगात आली. "बायकांत पहिली ना?" कुणीतरी विचारलं. अभिनव म्हणाला, "सगळ्यांत पहिली. नीट ऐकून घ्या."

कारखान्यातून दोन इंजिनिअर आले होते. दुपारी पाटलांच्या ओट्यावर तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण खाता खाता त्यांनी विचारलं, "आमच्या गाडीत खोट काय आहे?" चांदणी म्हणाली, "दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये फार अंतर आहे. वळणातून बाहेर पडताना इंजिन दमतं." त्यांनी आणखी दोघांना विचारलं, तेही तेच म्हणाले. पुढच्या वर्षीची सोळाशे आली तेव्हा ते अंतर कमी केलेलं होतं. चांदणीने घोडबंदरच्या वळणांवर ती चालवून पाहिली आणि तिला भरून आलं. इतक्या मोठ्या कंपनीने आपलं ऐकलं!

अभिनवने तिला शोरूममध्येच घेतलं. गिऱ्हाईकाला गाडी चालवून दाखवायची, हे तिचं काम. ती लोकांना मोकळ्या रस्त्यावर न्यायची, चावी त्यांच्या हातात द्यायची आणि शेजारी गप्प बसायची. परत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून विक्री झाली की नाही ते कळायचं.

बदल एका दिवसात झाला नाही. आधी इंजिनिअर यायचे थांबले, मग रविवारचे मेळावे. दोन हजार पाचच्या दिवाळीत 'कोर्वेल रॉयल' आली. उंच, जड, ऑटोमॅटिक, आत लाकडी पट्ट्या, मागच्या सीटसमोर छोटा टीव्ही. मुंबईच्या ऑफिसातून शिकवायला आलेली बाई म्हणाली, "कस्टमरला आधी मागे बसवा. ड्रायव्हिंगबद्दल त्यांनी विचारलं तरच बोला."

अभिनवच्या नखांतलं ग्रीस आता गेलं होतं. तो टाय लावायला लागला होता. चांदणी त्याच्या केबिनमध्ये गेली. "सर, ही गाडी वळणात होडीसारखी कलते. आपण असली गाडी विकायची?"

"चांदणी, सोळाशेवर जीव टाकणारे खूप भेटले. विकत घेणारे किती होते, ते तूच आठव."

"जे होते ते आपले होते."

"होते ना," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तिला राग आला होता, पण तो फार दिवस टिकला नाही. एका शनिवारी पूनम सागरला राहणारे काशीनाथ राणे शोरूममध्ये आले. बँकेतले साहेब, परळहून इकडे राहायला आलेले. मिठागरातल्या शर्यतीत चांदणीच्या पाठोपाठ दुसरे आले होते ते हेच. सोळाशेची काच स्वतःच्या रुमालाने पुसणारा माणूस. ते थेट रॉयलपाशी जाऊन उभे राहिले.

"राणेकाका, तुम्ही पण?"

ते ओशाळले. "अगं, गुडघा क्लच दाबू देत नाही. काशीमिऱ्याला तासभर अडकतो मी रोज. तिथे कसला तिसरा गिअर आणि कसलं काय! मिसेसना पण ही उंच गाडी आवडली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सोळाशे विकली. तुला सांगवलं नाही."

चांदणीने त्यांना रॉयलमध्ये मागच्या सीटवर बसवलं आणि टीव्ही लावून दाखवला. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की दोष एकट्या कंपनीला देता येत नाही. आपल्यातले लोकही एकेक करून उठून गेले होते.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात रॉयलचं नवीन मॉडेल निघालं. मोठ्या हॉटेलात सोहळा होता. अभिनवने तिची सोळाशे मागून घेतली. 'आमचा वारसा' म्हणून ती स्टेजवर ठेवायची आणि चांदणीने आत बसायचं, असं ठरलं. तिने बाळा पाटलांना सोबत नेलं. ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पहिल्यांदाच असल्या गार हॉलमध्ये बसले.

"गाडी सुरू करायची नाही," अभिनवने बजावलं. "आतमध्ये धूर होईल. नुसतं हसायचं, हात हलवायचा."

चार पोरांनी गाडी ढकलत स्टेजवर नेली. दिव्यांचे झोत पडले, संगीत वाजलं, पडद्यावर तिच्याच जुन्या शर्यतीचा धुरळा दिसला. चावी लावलेली होती. टाकीत पेट्रोल होतं. चांदणीचा हात चावीवर गेला आणि तिथेच राहिला. नोकरी आठवली, अभिनव आठवला. ती हसली. तिने हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माना नव्या रॉयलकडे वळवल्या.

घरी परतताना बाळा पाटलांनी विचारलं, "चालू का न्हाय केली गो?"

"नको सांगितलं त्यांनी, बाबा."

"बरं," ते म्हणाले. होळीच्या आत ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. पण चांदणीला सलत राहिलं ते एवढंच, की बापाने आपल्याला मनापासून विचारलेला तो शेवटचा प्रश्न होता आणि उत्तर म्हणून आपण दुसऱ्याचा हुकूम सांगितला.

तिने नोकरी सोडली. पुढे सोळाशेचे सुटे भाग मिळेनासे झाले. गिअरबॉक्स गेला तेव्हा तिने तीन महिने शोधाशोध केली आणि अखेर नाशिकच्या एका शर्यतवाल्याला गाडी देऊन टाकली.

आता केबिन रोडवर तिचा बायकांसाठी ड्रायव्हिंगचा क्लास आहे. छोटी पांढरी गाडी, दोन्हीकडे ब्रेक. नया नगरहून, पूनम सागरहून बायका येतात. बहुतेकींना लायसन्स मिळालं आणि मुलांना शाळेत सोडता आलं की पुरे असतं. त्यात काही चूक नाही, हे चांदणीला कळतं. ती कुणावर चिडत नाही. फक्त एखादी बाई मोकळा रस्ता दिसल्यावर आपसूक पाय दाबते आणि लगेच घाबरून "सॉरी मॅडम" म्हणते, तेव्हा चांदणी ब्रेक दाबत नाही. "राहू दे, जरा जाऊ दे," म्हणते, आणि तोंड खिडकीकडे फिरवते.