सहदेव राणे यांची एकोणतीस मिनिटे

सहदेव राणे मरोळला पंख्यांच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होता. राहायला जोगेश्वरी पूर्वेला, आमच्याच चाळीत. माणूस अबोल. पण सायकलचा विषय निघाला की त्याला थांबवायला बायकोला, म्हणजे वनमालाला, आतून हाक मारावी लागे.

दर फेब्रुवारीत हायवेवर सायकलींची शर्यत होई. जोगेश्वरीपासून बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एकूण वीस किलोमीटर. सगळे एकदम सुटत नसत. दर मिनिटाला एकेकाला सोडायचं आणि घड्याळाशी त्याची एकट्याची झुंज लावायची. पहिले सहा जण उपनगरच्या संघात. अट एकच, वय पस्तिशीच्या आत. चौऱ्याऐंशी साली सहदेवला चौतीस पुरी होऊन आठ महिने झाले होते. म्हणजे संघात जायचं तर याच वर्षी, नाहीतर राहिलंच.

तयारी तो दोन वर्षं करत होता. पहाटे साडेपाचला बेकरीतून काशीरामचा पावाचा टेम्पो निघे, तो थेट बोरिवलीला. सहदेव त्याच्या मागे. टेम्पोमागेच का, तर कुत्री. गोरेगाव ते कांदिवली प्रत्येक नाक्यावर कुत्र्यांची एक कमिटी बसलेली असे, आणि टेम्पो दिसला की ती बरखास्त होई. शिवाय गरम पावाचा वास. घड्याळ काशीरामच्या हातावर. बोरिवलीत पाव उतरवून होईपर्यंत वेळ धरायची नाही, हे दोघांनी अगदी न्यायाने ठरवलं होतं. जाऊन-येऊन एकोणतीस मिनिटं.

"यार सहदेवा, तुला तोड नाही," काशीराम म्हणे. "मी चाळिसावर काटा ठेवतो आणि आरशात बघतो तर तू आपला तिथेच!"

"वर तुझा धूर खातो," सहदेव म्हणे. "शर्यतीत धूर नसणार. अजून एक मिनिट कमी धर."

अर्जात 'सरावातील सर्वोत्तम वेळ' असा एक रकाना होता. सहदेवने प्रामाणिकपणे एकोणतीस लिहिलं. अर्ज बघणारे विद्याधर कर्णिक चष्मा काढून पुन्हा घालून बसले म्हणतात. आदल्या साली पहिल्या आलेल्याला साडेतीस लागली होती. अशा शर्यतीत सगळ्यात तगडा गडी शेवटी सोडायचा मान असतो. एकतीस जणांत सहदेवला एकतिसावा नंबर मिळाला.

शर्यतीच्या सकाळी चाळीतली दहा-बारा मंडळी हार घेऊन हजर. सहदेवची आईही आली होती, मुलाला शेवटी उभा केलेला बघून कर्णिकांवर नाराज होऊन.

सहदेव सुटला. पहिला एक किलोमीटर त्याला वाटलं, ब्रेक चाकाला घासतोय. वाकून पाहिलं, घासत नव्हता. पुढे मिनिटभर आधी सुटलेला पिवळ्या बनियनचा पोरगा दिसत होता. मालाडपर्यंत त्याला गाठायचं, असा हिशेब. मालाडला तो पोरगा हळदीच्या बोटाएवढा झाला आणि कांदिवलीला दिसेनासा. समोरून वारा असा येत होता, की कोणीतरी छातीवर तळहात ठेवून "जरा थांबा" म्हणतंय. कुत्र्यांनी मात्र त्याला बरोबर ओळखलं. आज साहेब एकटेच आहेत हे बघून दोन-तीन जणं पोहोचवायलाही आली.

इकडे एकेक गडी परत येत होता. तीस झाले. मग रस्ता रिकामा. मग टेबलावरची चादर गुंडाळायला सुरुवात.

"सगळे इले," आई म्हणाली, "मगे आमचो खंय रवलो?"

सहदेव आला तेव्हा कर्णिकांनी घड्याळ आधी कानाला लावून पाहिलं. एकेचाळीस मिनिटं, बारा सेकंद.

"शेवटचा आलास रे?" शेजारच्या शेवंतीबाईंनी विचारलं.

"शेवटी सुटलो म्हणून शेवटी आलो! नंबर सत्ताविसावा आहे," सहदेव धापा टाकत म्हणाला. हे वाक्य पुढे त्याला वर्षभर नाक्यावर, वाण्याकडे आणि दोन लग्नांत म्हणावं लागलं. कुणालाही ते पटलं नाही.

हार आणलाच होता, तो घातला.

कर्णिक भला माणूस. त्यांनी सहदेवला बाजूला घेतलं. "राणे, सराव कोणाबरोबर करता?"

"एकटाच. म्हणजे, काशीरामच्या टेम्पोमागे."

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "अहो, पुढचा वारा टेम्पो कापतो. मागच्याला नुसतं ओढलं गेल्यासारखं होतं." पंख्याच्या कारखान्यातल्या माणसाला वारा म्हणजे काय ते समजावून सांगायची पाळी त्यांच्यावर आली होती.

"म्हणजे एकोणतीस मिनिटं..."

"टेम्पोची."

काशीराम शेजारीच होता. त्याने तोंड उघडायला नको होतं, पण उघडलं. "मग साहेब, मी संघात बसतो का?"

सहदेव हसला नाही. सायकल हातात धरून चालत घरी गेला. आठ दिवस ती भिंतीला टेकून होती. त्या आठ दिवसांत त्याचं नेमकं काय गेलं, ते आम्हाला उशिरा कळलं. संघ तर गेलाच, पण दोन वर्षं रोज सकाळी त्याच्याजवळ असलेला तो एकोणतीस मिनिटांचा सहदेवही गेला होता.

नवव्या दिवशी तो पाच वाजताच निघाला. पुढे टेम्पो नाही, खिशात कुत्र्यांसाठी शिळे पाव, घड्याळ स्वतःच्या मनगटावर. पहिल्या दिवशी बेचाळीस लागली. पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात एकदा अडतीस मिनिटं, चाळीस सेकंद. सहावा आलेला मुलगा तेहतिसात आला होता, म्हणजे संघ यातही लांबच. शिवाय अर्जाचं वय जूनमध्येच उलटलं होतं.

त्या दिवशी तो दारात उभा राहून घड्याळाकडे बघत होता.

"काय हो, कितवे आलात?" वनमालाने आतून विचारलं.

"एकटाच होतो गं."

"बरं. पाणी काढलंय, आंघोळ करून घ्या. पहिल्या पाळीला जायचंय ना?"