कागदोपत्री मामेबहीण

गुडघे दुखणाऱ्या सासऱ्यांसाठी वरच्या मजल्यावर कमोड बसवणारी बडोद्यातली एकमेव सून मी आहे.

झालं असं, की आमच्या अण्णांना खाली बसवेना, आणि बसले तर उठवेना. मी शाळेत शिकवते. प्रश्न दिसला की उत्तर काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. बँकेचं कर्ज काढून मी गच्चीवर खोली, तिला लागून बाथरूम, गीझर आणि पांढराशुभ्र कमोड असा सगळा थाट उभा केला. नारळ फोडायच्या दिवशी अण्णा जिन्याखालीच उभे राहिले. काठीने त्यांनी पायऱ्या मोजल्या. एकोणीस भरल्या. "शैला," ते शांतपणे म्हणाले, "एवढ्या चढता आल्या असत्या, तर कमोड कशाला लागला असता?"

खोली तशीच पडून राहिली. कर्जाचे हप्ते मात्र पडून राहत नसतात. नवरात्राच्या तोंडावर शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, इंग्लंडातल्या लेस्टरचं एक गुजराती जोडपं गरब्यासाठी येतंय, हॉटेलं भरलीत, अटॅच्ड बाथरूमची खोली आहे का कुणाकडे? ते दिवसच तसे होते. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज येत होतं, आणि आमच्या दांडिया बाजार भागात निदान माडीचे दरवाजे तरी सगळ्यांनी उघडले होते. नवरात्र आलं की गल्लोगल्ली लंडन-अमेरिकेचे पाहुणे आणि त्यांच्या पाण्याच्या बाटल्या. मी "आहे" म्हणून मोकळी झाले.

अडचण एकच होती. अण्णा.

अण्णा कॉर्पोरेशनच्या घरवेरा खात्यातून निवृत्त झालेले. (घरवेरा म्हणजे तुमची पुण्याकडची घरपट्टी.) वेऱ्याच्या फॉर्मवर एक रकाना असतो : घर स्वतःच्या वापरात की भाड्याने? भाड्याने म्हटलं की वेरा चढतो. तिथे कोण काय लिहितं ते विचारू नका, पण नोकरीत असताना अण्णांनी भाडेकरू लपवला म्हणून सख्ख्या मेहुण्याला नोटीस काढली होती. ते मेहुणे अजून आमच्याकडचं पाणी पीत नाहीत. दरवर्षी अण्णा त्या रकान्यात 'स्वतःचा वापर' लिहून खाली सही करायचे. सहीला दीड मिनिट लागायचं, कारण ती वडिलांच्या नावासकट पूर्ण असायची. जमीनजुमला त्यांनी केला नाही. त्यांची इस्टेट म्हणजे ती सही.

"अण्णांना काय सांगणार?" ह्यांनी विचारलं.

"बघू. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हणाले.

पहिल्या माळेला सकाळी दारात रिक्षा थांबली. चार बॅगा, महेंद्रभाई आणि माझ्याहून थोड्या लहान अशा हंसाबेन उतरल्या. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. "कोण मंडळी?" त्यांनी विचारलं.

मी रात्रभर एक उत्तर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "माझी मामेबहीण, अण्णा. हंसा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन बॅगा उचलल्या आणि जिन्यात शिरले ते दुपारच्या जेवणापर्यंत खाली आले नाहीत.

दुसऱ्या कुठल्या शहरात हे खपूनही गेलं असतं. बडोद्यात मराठी माणसाला नुसतं नातं सांगून भागत नाही. मूळ गाव कुठलं, कुणाच्या कोण, आजोबा संस्थानात कुठल्या खात्यात, असे दोन्हीकडचे पूर्वज पंगतीला बसवल्याशिवाय इथे चहाचा कप पुढे येत नाही.

"तुझे मामा तर साताऱ्याचे," अण्णा म्हणाले. "हिला मराठी कसं येत नाही?"

"ते थोरले मामा. ही धाकट्यांची."

"धाकटे कधी ऐकले नाहीत."

"आफ्रिकेत गेले होते. रेल्वेत."

"बरं, मग?"

"तिथे गुजराती मुलीशी लग्न केलं. घरात कुणी त्यांचं नाव काढत नसत."

मला मामा एकच. ते उभ्या जन्मात कऱ्हाडच्या पुढे गेलेले नाहीत. अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "मोठ्यांच्या रागापायी पोरीची भाषा गेली," ते म्हणाले. "तिचा काय दोष? तिला सांग, हे तुझंच घर आहे." त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं, पण मी चहा टाकायला आत गेले.

मग वर जाऊन हंसाबेनना हात जोडले. "बेन, कुणी विचारलं तर तुम्ही माझी मामेबहीण हं." मला वाटलं, रागावतील, खोली सोडतील. त्या पलंगावर बसल्या. "मारे तो कोई बेन ज नथी," त्या म्हणाल्या. सख्खी नाही, चुलत नाही, कुणीच नाही. आणि त्यांनी मला मिठी मारली. आगाऊ भाडं दिलेल्या बाईने मिठी मारली तर काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी अण्णांचा पुढचा प्रश्न आला. "हंसाचा पासपोर्ट कुठला?"

"ब्रिटिश."

"मग चोवीस तासांत पोलिसांत कळवायला हवं. परदेशी माणूस घरी उतरला की यजमानाने फॉर्म भरायचा असतो."

"अण्णा, गल्लीत कुणीही भरत नाही."

"म्हणूनच मी भरणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री आणि दुखरे गुडघे घेऊन ते पोलीस कचेरीत जाऊन आले. 'यजमानाशी नाते' या रकान्यात त्यांनी 'सुनेची मामेबहीण' असं लिहिलं होतं आणि खाली दीड मिनिटाची सही होती. कार्बन कॉपी त्यांनी मला फायलीत लावायला दिली. माझ्या थापेवर आता सरकारी शिक्का बसला होता.

त्यानंतर रोज सकाळी ओट्यावर शिकवणी सुरू झाली. अण्णा म्हणायचे, "मी चहा पिते." हंसाबेन म्हणायच्या, "मी चा पिते." वही आणली, रेघा आखल्या. कधी नव्हे ते अण्णा हसत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि माझी फोडणी करपायची. चौथ्या माळेला पेपरात आलं, की भाडेकरू लपवणाऱ्या घरांची नवरात्रात तपासणी होणार आणि वेरा वाढणार. अण्णांनी बातमी मोठ्याने वाचली. "उत्तम," ते म्हणाले. "अशी लबाड मंडळी उघडी पडलीच पाहिजेत. शैला, तुझी कढी उतू जातेय बघ." ती खरंच जात होती.

सातव्या माळेला दुपारी शिर्के आले. शिर्के म्हणजे अण्णांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, आता वेरा खात्यात इन्स्पेक्टर. काखेत रजिस्टर होतं.

"अण्णा, पोलिसांकडून परदेशी पाहुण्यांची यादी मागवली होती," ते खाली बघत म्हणाले. "अख्ख्या वॉर्डातून फॉर्म एकच आलाय. तुमचा."

"मग बाकीच्यांना नोटिसा काढ."

"त्या काढतोच. पण तुमचं नाव आहे, तर खोली बघावी लागेल."

"बघायलाच हवी. न बघता गेलास तर मीच तुझी तक्रार करीन."

शिर्के माझ्याकडे आणि ह्यांच्याकडे वळले. "पाहुण्या वहिनींच्या कोण?"

"मामेबहीण," मी म्हणाले.

"मावसबहीण," हे म्हणाले. त्याच क्षणी.

शिर्क्यांनी पेन उघडलं. "दोन्हीकडून लागते," मी म्हणाले, आणि त्यांना घाईघाईने जिन्याकडे वळवलं. आम्ही एकोणीस पायऱ्या चढलो. वर बाथरूमच्या दाराला मीच चिकटवलेला कागद होता. माझ्या वळणदार अक्षरात, आधी गुजरातीत, खाली इंग्रजीत : गरम पाणी सहा ते आठ. टॉवेल दोनच मिळतील. खोली सोडताना चावी खाली द्यावी.

"बहिणीला टॉवेल मोजून देता, वहिनी?" शिर्क्यांनी विचारलं.

"शाळेची सवय," मी म्हणाले.

हंसाबेन गरब्याच्या चणियाचोळीला इस्त्री करत होत्या. बहिणीचा विषय निघालेला पाहून त्या लगबगीने पुढे आल्या आणि पाच दिवसांचा अभ्यास एका दमात म्हणून मोकळ्या झाल्या. "मी चा पिते. हे माझे अण्णा आहेत. हे माझंच घर आहे."

"मूळच्या कुठल्या तुम्ही?" शिर्क्यांनी विचारलं.

"साताराना," लेस्टरच्या हंसाबेन छातीठोकपणे म्हणाल्या.

खाली येऊन शिर्क्यांनी रजिस्टरमधून एक कोरा कागद काढला आणि अण्णांसमोर ठेवला. "मला काही शंका नाही, अण्णा," ते म्हणाले. (शंका त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होती.) "फक्त एवढं लिहून द्या, की पाहुणे नातेवाईक आहेत, पैसे घेतलेले नाहीत. तुमची सही असली की वर कुणी विचारणार नाही."

अण्णांनी मजकूर लिहिला. परत एकदा वाचला. मग पेन नीट धरून त्यांनी सहीला सुरुवात केली.

माझ्याकडे दीड मिनिट होतं. ह्यांनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. शिर्के छताकडे बघत होते. अण्णांचं पहिलं नाव लिहून झालं. त्या माणसाने मेहुणा गमावला पण खोट्यावर सही केली नाही, आणि आता स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या हाताने, माझ्यासाठी करत होता. वडिलांच्या नावाचं दुसरं अक्षर आलं आणि मला राहवलं नाही.

"अण्णा, सही करू नका."

"का?"

"ती माझी कोणी नाही. मी पैसे घेतलेत. मला मामा एकच आहेत."

हे सवयीने जिन्याकडे निघाले. अण्णा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सही एका रेघेने खोडली आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी आद्याक्षरं घातली. लाज म्हणजे काय ते मला त्या आद्याक्षरांनी शिकवलं.

"जाऊ द्या, अण्णा," शिर्के हळूच म्हणाले. "महिन्याच्या आतला पाहुणा असला, तर पैसे घेतले तरी वापर बदलत नाही. तुम्हीच शिकवलंत मला. यात वेरा काही वाढत नाही."

मी खाली पायरीवर बसले. ज्याच्या भीतीने सात दिवस मी आफ्रिकेत रेल्वे चालवली, तो वेरा मुळात लागतच नव्हता. पहिल्या दिवशी विचारलं असतं, तर अण्णांनीच पेपरवरची नजर न काढता सांगितलं असतं.

"तो नियम विचारणाऱ्यासाठी आहे," अण्णा म्हणाले. "लपवणाऱ्यासाठी नाही. लिही, भाड्याने."

"अण्णा, कायद्यात तसं काही नाही," शिर्के म्हणाले.

"माझ्या घरात आहे. मालक मी आहे. अर्ज देतो, लिही."

आपला वेरा वाढवून मिळावा असा अर्ज खात्यात त्याआधी कुणी पाहिला नव्हता. नव्या कारकुनांना तो अजून दाखवतात, असं शिर्के सांगतात.

दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा पोलीस कचेरीत निघाले, नातं दुरुस्त करायला. मी हट्टाने रिक्षात शेजारी बसले. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. तिथल्या हवालदाराने फायली चाळल्या आणि मान हलवली. "काका, ए तो उपर गयुं. हवे संबंध ना बदलाय." म्हणजे फॉर्म वर गेला, आता नातं बदलता येणार नाही.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना अण्णांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "ऐकलंस?" ते म्हणाले. "सरकारदरबारी ती तुझी बहीण आहे."

"हो, अण्णा."

"मग तिचे पैसे परत कर. बहिणीकडून भाडं घेत नसतात."

ते बोलले याचाच मला इतका आनंद झाला, की अर्थ कळायच्या आधी मी "हो" म्हणून बसले.

दसऱ्याला हंसाबेन रडत गेल्या. अण्णांनी वही त्यांच्या बॅगेत घातली. तेव्हापासून दरवर्षी भाद्रपदात लेस्टरहून पत्र येतं, मराठीत, रेघा आखून. "ताई, आम्ही येतो. अण्णांना नमस्कार. या वेळी महेंद्रचे भाऊ पण येतात."

म्हणजे आता आमचं घर कागदोपत्री भाड्याचं आणि पाहुणी कागदोपत्री बहीण. वाढीव वेरा मी भरते, भाडं देणारं कुणी नाही, आणि नऊ दिवस चहाचे ट्रे घेऊन वर-खाली करते तीही मीच. परवा गुडघे दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कमोड आहे का?"

"आहे ना," मी म्हणाले. "एकोणीस पायऱ्या चढल्या की लगेच."