अण्णाचा पाट

आमच्या गिरणीचा वायरमन अण्णा काखेत जेवायचा पाट घेऊन हिंडायचा. सोलापुरात त्या काळी गिरण्या पुष्कळ होत्या, पण असा माणूस दुसरा नव्हता. पोरं विचारायची, "अण्णा, पंगत कुटं हाय?" तो म्हणायचा, "यमाकडं. मी पाटावर हाय म्हणून वाढायचं थांबलंय."

कोरडा पाट मांडायचा, त्यावर उभं राहायचं, मगच तारेला हात. घरी तेलुगू बोलणारा, पण मराठी आमच्यासारखीच. मी इंजिनखात्याचा मुकादम, दुसरीत शाळा सोडलेला. मला वाटायचं, वीज दिव्यात जाते आणि तेलासारखी जळून संपते. तो हसायचा. "संपत न्हाय, मुकादम. एका तारेनं जाती, दिवा लावती, दुसऱ्या तारेनं माघारी येती. वाट तुटली की दिवा गेला. आन् दुसरी वाट गावली, तर माणसातनं जमिनीत जाती." मी मान हलवायचो. पटलं नव्हतं. वायरमनकडून शिकायचं म्हणजे कमीपणा वाटायचा, खरं सांगतो.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. जमीन धुतलेली, स्विचबोर्डाला हळदकुंकू लावलेलं. हार घालायचा मान अण्णाचा. त्यानं पाट मांडला, तशी माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. देवापुढं पाटावर पाय देऊन उभं राहायचं?

"उतर खाली," मी म्हणालो.

"मग मेन बंद करतो."

"पूजा अंधारात करायची व्हय? दिवे राहू देत."

"मुकादम, जमीन वली हाय."

"देवाला भितोस?"

सगळे बघत होते.  अण्णा उतरला. अनवाणी, दोन्ही हातांत ओला हार. बोर्डाच्या उघड्या तांब्याच्या पट्टीला हार टेकला, आणि तो ओरडलासुद्धा नाही.

मी साहेबाला सांगितलं, पाट आणायला विसरला. कुणी तोंड उघडलं नाही. पोट सगळ्यांनाच होतं.

त्याच्या बायकोला मी गिरणीत सूत गुंडाळून कांड्या भरायचं काम लावून दिलं. दर दसऱ्याला ती आपट्याची पानं घेऊन दारात यायची. "तुमीच थोरले भाऊ," म्हणायची आणि पाया पडायला वाकायची.

ती गेली त्या वर्षापर्यंत मी पाय मागं घेतले नाहीत.