कंपनीला नकाराचे कारण विचारणारे पडघान वकील

श्री. काशीनाथराव पडघान वकील यांची आणि माझी पहिली भेट बुलढाण्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली झाली. मी नागपूरहून सनद घेऊन नुकताच आलो होतो आणि त्यांच्या हाताखाली काम मिळावे अशी विनंती करायला गेलो होतो. त्यांनी माझे नावही न विचारता विम्याची एक इंग्रजी पॉलिसी माझ्या हाती ठेवली आणि वाचायला सांगितले. मी भराभर नजर फिरवून दोन वाक्यांत सार सांगितले. ते म्हणाले, "सार तुमाले नाही इचारलं. याहिले वाचून दाखवा. घर याहिचं जळलं हाये."

शेजारी बाकावर एक गृहस्थ बसले होते. त्यांना मी त्या दुपारी प्रत्येक कलम मराठीत सांगितले. जेवणाची वेळ टळली, माझा घसा सुकला आणि या माणसाकडे आपण टिकणार नाही असे मी मनाशी ठरवले. पुढे टिकलो, पण तो वैताग कधी सरला नाही. साहेबांच्या षष्ट्यब्दीच्या या गौरवग्रंथात अशी तक्रार लिहू नये असे संपादकांना वाटेल. मात्र घडले तेच लिहावे हे मला पडघान साहेबांनीच शिकवले आहे.

ते गृहस्थ म्हणजे देऊळघाटचे रहीमखाँ. चिखलीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते मुकादम होते. तिथल्या मालाचा विमा उतरवलेला ते पाहत आले होते, म्हणून स्वतःचे घर बांधल्यावर त्यांनी घराचाही आगीचा विमा उतरवला. गावात तेव्हा घराचा विमा ही गोष्टच कोणाला ठाऊक नव्हती. लोक हसले. पुढे एका उन्हाळ्यात शेजारची कडब्याची गंजी पेटली आणि वाऱ्याने आग त्यांच्या छपरावर आली. माणसे वाचली, घर गेले. कुटुंब मेहुण्याच्या ओसरीवर राहायला आले.

कंपनीने भरपाई नाकारली. आधी कारणच सांगितले नाही. महाराष्ट्र राज्य नवे झाले होते, कंपनीचे मोठे कार्यालय मुंबईला होते, आणि कारण विचारले की तिथून एकच उत्तर येई, प्रकरण विचाराधीन आहे. रहीमखाँ हात जोडून एजंटाकडे खेटे घालत होते. पडघान साहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना ते बंद करायला लावले. "कंपनी नाही म्हन्ते तं म्हनू द्या," ते म्हणाले, "पन काऊन नाही, ते तिनं लेखी सांगावं. तो तुमचा हक्क हाये, मेहेरबानी नोहे."

मग नोटीस लिहायची होती. ती मी किती वेळा लिहिली हे आठवले तरी अजून डोके दुखते. एखादा शब्द सैल वाटला की साहेब कागद परत सरकवत. शेवटी उत्तर आले आणि त्यात कारण लिहिलेले होते. विमा राहत्या घराचा होता, परंतु घराचा वापर कापसाचे गोदाम म्हणून होत होता, ही गोष्ट विमेदाराने लपवली आणि आग त्या कापसामुळेच भडकली, असे कंपनीचे म्हणणे होते.

जिनिंगचा मुकादम आणि घरात कापूस, हे गावाला लगेच पटले. रहीमखाँनी पैशासाठी स्वतःच घर पेटवले, इथपर्यंत बोलणे गेले. त्यांच्या मुलीचा, शमीमचा निकाह ठरला होता. मुलाकडच्यांनी तो पुढे ढकलला आणि नंतर निरोपही पाठवणे सोडून दिले.

साहेबांनी मला घेऊन देऊळघाट गाठले. ऐन उन्हात ते त्या पडक्या भिंतींमध्ये फिरले, गंजी कुठे होती, वारा कुठून होता, हे शेजाऱ्यांना विचारत बसले. मी म्हणालो की हे सगळे साक्षीदार कोर्टात सांगतीलच. ते पुढच्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. परतीची एस.टी. चुकली ती चुकलीच.

दावा लावण्यावरूनही आमचे वाजले. फेरविचार चालू आहे असे कंपनी गोड भाषेत कळवत होती, तेव्हा थोडे थांबावे असे माझे मत होते. साहेबांनी पॉलिसीतले एक कलम माझ्यापुढे ठेवले. नकारानंतर ठरावीक मुदतीत दावा लावला नाही तर हक्क बुडाला, असे ते कलम होते. फेरविचाराचे गाजर तेवढ्यासाठीच होते. दावा लागला. मग कंपनीचे वकील म्हणू लागले की पॉलिसीतल्या कलमाप्रमाणे वाद लवादापुढे गेला पाहिजे. साहेबांचे उत्तर सरळ होते. भरपाई किती, एवढाच वाद असेल तर लवाद ठीक आहे. इथे कंपनी देणेच लागत नाही म्हणते, तेव्हा निवाडा न्यायालयानेच करायचा. ते मान्य झाले, पण त्यानंतर कंपनीने इतक्या तारखा मागून घेतल्या की त्या आठवणीनेही संताप येतो. कधी नुकसानीची पाहणी केलेला कंपनीचा सर्व्हेअर आजारी, कधी मुंबईचे कागद वाटेत.

मध्येच कंपनीने निम्म्या रकमेवर तडजोड सुचवली, पण पूर्ण समाधान झाल्याची पावती सही करून द्यायची होती. मी घ्या म्हणालो, आणि थकलेल्या माणसाला दुसरा सल्ला देता येत नव्हता असे मला आजही वाटते. साहेबांनी स्वतःचे मत सांगितलेच नाही. सही केली तर पुढे काहीच मागता येणार नाही एवढे समजावून ते म्हणाले, "घर तुमचं, हक्क तुमचा. दोघं बोला अन् सांगा."

रहीमखाँनी शेजारी पाहिले. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी हमीदाबी. "पैशाचं राहू द्या, वकीलसाहेब. पन त्याहिनं आमाले लबाड म्हटलं. तो डाग कोन पुसन?"

तडजोड मोडली.

अखेर सर्व्हेअरची उलटतपासणी झाली. घरात कापूस जळालेला आपण पाहिला, असे तो ठामपणे सांगत होता. साहेबांनी त्याला कुठे पाहिला, कोणत्या खोलीत, दार कोणीकडे होते, असे इतक्या सावकाश विचारले की मला बाकावर बसवेना. त्याला खोली सांगता येईना. निखारे धुमसत होते म्हणून आपण रस्त्यावरूनच पाहणी केली, हे त्याच्या तोंडून निघाले तेव्हा साहेब फक्त "बरं" म्हणाले. विम्यातल्या अपवादाचा आधार घ्यायचा तर तो सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर असते. ते ओझे कंपनीला पेलले नाही, हे त्या "बरं"बरोबर उघड झाले.

तरी कापूस जळालेला होता हे खरेच होते. कंपनीच्या वकिलांनी हमीदाबींना त्यावरच धरले. घरात कापूस होता की नव्हता, हो किंवा नाही सांगा, असा त्यांचा धोशा होता. होता, असे हमीदाबी म्हणाल्या. कंपनीचे वकील समाधानाने बसणार, तोच त्या न्यायाधीशांकडे वळल्या.

"साहेब, लेकीच्या लग्नाच्या गाद्या अन् रजया होत्या. मीच भरल्या होत्या. गादीत कापूस नाही तं काय रायते?"

न्यायाधीशांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.

निकाल रहीमखाँच्या बाजूने लागला. वापर राहण्याचाच होता आणि लपवाछपवीचा आरोप निराधार होता, असे त्यात स्पष्ट नमूद झाले. कंपनीने अपिलाची धमकी दिली, पुन्हा आम्हाला झुलवले आणि शेवटी पूर्ण भरपाई दिली. साहेबांनी निकालाचा मराठी अर्थ देऊळघाटच्या चावडीवर बसून सगळ्यांना ऐकवला. त्यानंतर मुलाकडची मंडळी बोलणी करायला परत आली. हमीदाबींनी त्यांना चहा पाजून परत पाठवले. शमीमचा निकाह पुढच्या वर्षी शेगावच्या एका चांगल्या घरात झाला.

आता चिखली-शेगावकडूनही लोक विम्याचे नकार घेऊन साहेबांकडे येतात आणि प्रत्येकाला कलमन् कलम ऐकवले जाते. बाहेर आम्ही ताटकळत असतो. मी विषमज्वराने अंथरुणावर होतो तेव्हा ते रोज संध्याकाळी येऊन मला वर्तमानपत्र वाचून दाखवीत, जाहिरातींसकट. ताप उतरला की झोप यावी म्हणून मी डोळे मिटून घेई, तर ते थांबून विचारत, "ऐकून राह्यले ना?" माझ्या आजारात असा नेमाने दुसरा कोणी आला नाही.

साठीनंतर काम कमी करावे असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे. साहेब अजून त्यांच्याकडून कारणे समजून घेत आहेत, त्यामुळे काम तसेच चालू आहे. कंपन्याही आपल्या सवयी सोडतील अशी चिन्हे नाहीत. तेव्हा पडघान साहेबांची नजर तीक्ष्ण राहो, पाय देऊळघाटच्या उन्हात चालत राहोत, त्यांना निरोगी शंभरी लाभो, आणि आम्हा हाताखालच्यांना त्यांचा हा जाच अजून पुष्कळ वर्षे सोसायला मिळो.